मधल्या सुट्टीची राखण

बाय माझी,

गिरगावातल्या शाळेत तुझी नेमणूक पक्की झाली असा दादाचा फोन आला, तेव्हा मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. तांब्या तसाच खाली ठेवला आणि तुझ्या आजोबांच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिले. घरातली दुसरी शिक्षिका तू.

परळच्या शाळेत मी चौतीस वर्षं पी.टी. शिकवलं. गणित कसं शिकवायचं ते तू माझ्याहून चांगलं जाणतेस, त्यात मी बोलणार नाही. मला सांगायचंय ते वेळापत्रकात दोन तासांच्या फटीत छापलेल्या त्या पंचवीस मिनिटांबद्दल. नव्या शिक्षकाच्या गळ्यात सगळ्यात आधी मधल्या सुट्टीचीच ड्यूटी पडते आणि ती कशी करायची ते कुणी सांगत नाही. मला बाबांनी सांगितलं होतं. बाबा गिरणीत साचेखात्यात. पहिली पाळी सुटली की संध्याकाळी चाळीतल्या पोरांची कबड्डी घ्यायचे. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी एक पितळेची शिट्टी दिली आणि म्हणाले, "ही खिशात ठेव. सारखी तोंडात धरलीस तर खेळ तुझा होईल, त्यांचा राहणार नाही." मला पुढे जे काही सुचत गेलं, ते त्या वाक्याच्या आधारानेच.

पहिली गोष्ट शपथ घालून सांगते. कुणाचीही मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापायची नाही. गृहपाठ राहिला, वही विसरली, दंगा केला, काहीही असो. मी कापली आहे, म्हणून सांगते. नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. सहावीतला एक मुलगा रोज काहीतरी उपद्व्याप करायचा. मी त्याला चार दिवस सुट्टीत वर्गात बसवून शुद्धलेखन लिहायला लावलं. चौथ्या दिवशी मी टेबलाशी हजेरी भरत होते, बाहेर पोरांचा गलका चालला होता, आणि माझं लक्ष बाकाखाली गेलं. वर तो मान खाली घालून लिहीत होता, अक्षरही बरं काढत होता. खाली मात्र त्याच्या दोन्ही टाचा फरशीवर ठक ठक ठक आपटत होत्या. बाहेरची पळापळ वाढली की टाचांचा वेग वाढे, बाहेर थोडं शांत झालं की टाचा थांबत. त्याला स्वतःला ते कळतही नव्हतं. त्या रविवारी मी त्याच्या घरी गेले. नायगावची बीडीडी चाळ, १६० चौरस फुटांची खोली, माणसं आठ, आणि हा झोपायला पोटमाळ्यावर. शाळा सुटली की धाकटी बहीण सांभाळायची, पाणी भरायचं, रेशनच्या रांगेत उभं राहायचं. हातपाय मोकळे सोडून पळायला मिळेल अशी त्याच्या दिवसात तेवढी एकच वेळ होती आणि ती मी काढून घेतली होती. ज्याला सुट्टीची गरज जास्त, तोच वर्गात जास्त चुळबुळ करतो, आणि सुट्टी कापली जाते ती त्याचीच. तुला शिक्षा द्यावीच लागली तर फळा पुसायला लाव, वह्या गोळा करायला लाव. शेजारच्या वर्गातल्या बाई सुट्टी कापत असतील तर त्यांना मुलांदेखत काही बोलू नको. स्टाफरूममध्ये चहा घेताना ही टाचांची गोष्ट सांग.

आणखी एक, गणिताच्या बाई म्हणून खास तुला. घंटा झाली की खडू खाली. "एवढं एकच उदाहरण" म्हणून तास सुट्टीत घुसवायचा नाही. दोन मिनिटं तुझ्या हिशोबात काहीच नसतात. पण जिना उतरून, हात धुऊन, डबा खाऊन मग खेळायचं असतं, त्या पोरांच्या खेळातली ती दोन मिनिटं असतात.

डब्याचंही बोलते. काही मुलं खेळायच्या घाईत डबा तसाच घरी नेतात आणि शेवटच्या तासाला त्यांचं डोकं दुखतं. काही हळू खातात, त्यांचा डबा संपेपर्यंत घंटा होते. मी माझ्यापुरता नियम केला होता. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी खाली बसून खायचं, मी स्वतः त्यांच्यात बसून माझा डबा खायचे, आणि मग हात धुवायला सोडायचे. पालकसभेत आयांना सांग की पोळी-भाजी वेगळी देण्यापेक्षा पोळीत भाजी घालून गुंडाळी करून द्या. लहान हातांना तोडत बसावं लागत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने चार-पाच मिनिटं वाचतात, मी घड्याळ लावून बघितलंय.

आता अंगणाबद्दल. तुझ्या शाळेला मैदान नाही, मला माहीत आहे. गिरगावातल्या कितीतरी शाळा इमारतींच्या पोटात आहेत. मधे फरसबंद चौक, वर चौकोनी आकाश. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा शाळेला मैदान हवं असं परिशिष्टात स्पष्ट लिहितो, पण कायद्याने भिंती मागे सरकत नाहीत. तरी मैदान नाही म्हणून खेळ नाही, हे मनातून काढून टाक. गिरगाव-ताडदेवच्या वाड्यांत मैदान कधी होतं? चिखलवाडीतल्या इमारतीच्या अंगणात सुनील गावस्कर लहानपणी खेळले, हे सगळे सांगतात. मला त्या अंगणात त्यांच्याबरोबर खेळलेल्या, पुढे बँकेत नाहीतर पोस्टात चिकटलेल्या बाकीच्या पोरांचंही तेवढंच कौतुक वाटतं. त्यांनाही ते अंगण तेवढंच मिळालं होतं. सुट्टीतला खेळ निवड-चाचणीसाठी नसतो, हे लक्षात ठेव. तिथे सगळ्यात वाईट खेळणाऱ्यालाही जागा असली पाहिजे.

फरशीवर लंगडी घे. खडूने दहा पावलांचा चौकोन आख. राज्य असलेला एका पायावर असतो, पळणाऱ्यांना चौकोनाबाहेर जायचं नसतं, त्यामुळे कुणालाच फार वेग घेता येत नाही आणि टकरा होतात त्या हलक्या. खो-खो चौकात घालू नको. त्याला लांब पल्ला लागतो आणि खांबाशी वळताना फरशीवर पाय सटकतो. तो मातीचा खेळ आहे, मातीवर नेऊनच शिकव. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलामुलींनी दोन्ही गटांत तो जिंकला. मुलांना हे सांगितलंस की खो-खो म्हणजे गरिबांचा खेळ असं कुणी तोंड वाकडं करणार नाही. खांब असलेल्या व्हरांड्यात खांबखांबोळी. आणि कोपऱ्यात बिल्लस, आपण चाळीच्या गॅलरीत खेळायचो ते. त्याला एक खडू आणि एक ठिकरी पुरते.

चेंडू मात्र टेनिसचा देऊ नको. तळमजल्याची एक काच फुटली की सगळा खेळ बंद होतो. चेंडू घरी बनव. दोन जुने पायमोजे घे, एकात चिंध्या घट्ट कोंब, तोंडाला पीळ दे आणि तोच मोजा त्याच्यावर उलटा ओढ. मग दुसरा मोजा त्याच्यावर तसाच. वरून सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या अर्ध्या बोटाएवढ्या रुंद पट्ट्या कापून आडव्या-उभ्या चढव. सायकलवाला ट्यूब फुकट देतो. हा चेंडू फरशीवर जेमतेम गुडघ्याएवढा उसळतो, लागला तर लागत नाही, आणि काचेवर धप्पकन आपटून खाली पडतो. लगोरीला याच्यासारखा चेंडू नाही.

सावलीचाही अभ्यास कर. सकाळच्या सत्रात चौकाच्या पूर्वेकडच्या भिंतीच्या पायथ्याशी सावली असते, दुपारच्या सत्रात पश्चिमेकडच्या. पहिली-दुसरीची पोरं त्या कडेला, मोठी मधे. असं ठरवून टाकलंस की मोठ्यांच्या पायाखाली लहानगी येत नाहीत, तो निम्मा त्रास तिथेच संपतो.

खेळात भांडणं होणार. तू नवीन आहेस, तुला वाटेल धावत जाऊन निवाडा करावा. करू नको. मनात वीस आकडे मोज. पोरांचं स्वतःचं न्यायालय असतं आणि ते आपल्याहून जलद चालतं. राज्य कुणावर हे ती चकून ठरवतात, हात पालथा की उताणा. बुटाची नाडी सुटली की टाइमप्लीज. रडीचा डाव खेळणाऱ्याला कसं वळणावर आणायचं तेही त्यांना ठाऊक असतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कच्चा लिंबू. बारीक, अशक्त, नवीन आलेलं पोर असलं की त्याला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येऊ देत नाहीत. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, पोरांनीच पोरांना शिकवलेलं आहे. वर्गात आपण "सर्वांना सामावून घ्या" म्हणून तक्ते लावतो. खाली चौकात ते रोज घडत असतं, आपण फक्त आड यायचं नाही. तीन वेळा मात्र शिट्टी खिशातून काढ. हातात दगड आला, एकावर चौघे तुटून पडले, किंवा कुणाचं डोकं आपटलं.

आणि भिंतीला टेकून उभं राहणारं पोर शोध. प्रत्येक सुट्टीत एक तरी असतंच. त्याला "जा, खेळ" म्हणू नको. ते आणखी भिंतीत शिरेल. त्याच्या हातात काम दे. लगोरी रचणं, गुण खडूने लिहिणं. आठवडाभरात लगोरी रचता रचता ते कधी पळायला लागलं, तुलाही कळणार नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगते, शाळेचं नाव काढणार नाही. एकदा सुट्टीत एका मुलीचा हात मोडला. पालक चिडले, वरून आदेश आला की यापुढे मधली सुट्टी वर्गातच, बाकावर बसून. मला वाटलं होतं दोन-चार दिवसांत हे थंड होईल. दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत अंगणात कुणी पडलं नाही, खरं आहे. पण शाळा सुटताना जिन्यात जी रेटारेटी व्हायची, ती त्याआधी कधी मी पाहिली नव्हती. दिवसभर दाबून ठेवलेली तीनशे पोरं एकाच वेळी एका जिन्याने उतरत होती. एक दात पडला, दोन डोकी फुटली, आणि तेव्हा कुणी जिना बंद करा म्हणालं नाही. मी रोज कुठे, कुणाला, किती लागलं ते एका वहीत लिहून ठेवत होते. तिसऱ्या वर्षी ती वही मी मुख्याध्यापकांपुढे ठेवली आणि त्याच आठवड्यात अंगण उघडलं. तूही वही ठेव. तारीख, वेळ, जागा, काय झालं, काय केलं. भांडणापेक्षा वही कामाला येते.

लागल्यावर काय करायचं, हे घोकून ठेव. खरचटलं तर नळाखाली धरून साबणाने माती पूर्ण धुवायची, मग स्वच्छ कापड. पक्का दात मुळासकट निघाला तर त्याला मुळाकडून हात लावायचा नाही, वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, दुधात टाकायचा आणि मुलाला तासाभराच्या आत दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं; तो पुन्हा बसण्याची आशा असते. डोकं आपटून उलटी झाली, पोर गुंगायला लागलं किंवा असंबद्ध बोलायला लागलं, तर पालकांची वाट न बघता टॅक्सी. आम्हाला परळला वाडिया आणि केईएम हाकेच्या अंतरावर होते. तुला जवळचं कुठलं, तिथे जायला किती वेळ लागतो, हे या रविवारीच चालत जाऊन बघून ये.

पालक विचारतील, "बाई, खेळून काय मिळतं? सहामाही जवळ आली." रागावू नको, त्यांचीही ओढाताण असते. त्यांना चष्म्याचं सांग. हे लगेच पोचतं, कारण हल्ली तिसरीतच चष्मे लागतात. तैवानमध्ये काओशुंगजवळच्या एका शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना वर्ग रिकामा करून बाहेर उजेडात जायला लावलं. दुसऱ्या शाळेत नेहमीसारखंच चालू ठेवलं. वर्षानंतर मोजलं तर बाहेर जाणाऱ्या शाळेत नव्याने लांबचं धूसर दिसायला लागलेली मुलं शंभरात आठ-साडेआठ निघाली, दुसऱ्या शाळेत सतरा-अठरा. २०१३ मध्ये ते छापून आलं. उजेड हे औषध आहे, आणि चौकोनी आकाशातून येतो तोही उजेडच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं हलावं. आपल्या मुलाची साठ मिनिटं कुठे होतात, हे आईला बोटांवर मोजायला सांग. व्हॅन, वर्ग, क्लास, मोबाइल. मोजता मोजता ती स्वतःच गप्प होते.

मोठ्या मुलींकडे डोळ्यांत तेल घालून बघ. सातवीपर्यंत उड्या मारणारी मुलगी आठवीत अचानक जिन्याच्या पायरीवर बसायला लागते. कधी पाळी असते, कधी स्कर्ट अडचणीचा असतो, कधी घरून सांगितलेलं असतं की आता पुरे. "का बसलीस" असं चौघांत विचारू नको. स्कर्टाखाली घालायला मी कपाटात चार-पाच जादा पँटी ठेवायचे, आणि सॅनिटरी पॅडचं पाकीट. आणि मी स्वतः त्यांच्याबरोबर लंगडी घालायचे, साडी खोचून. बाई खेळतात म्हटल्यावर पायरीवरच्या दोघी-तिघी उठायच्या. गणिताच्या बाई खेळल्या तर सगळ्याच उठतील.

पावसाचे चार महिने असतात. तेव्हा सुट्टी वर्गातच गेली तर सागरगोटे, भोवरा, आंधळी कोशिंबीर. पण रिपरिप असेल तर व्हरांड्याच्या कडेला तरी सोड. हातावर पागोळ्या घेऊन कुणी आजारी पडत नाही.

महिन्यातून एक दिवस मुलांना मातीवर ने. तुला चौपाटी जवळ आहे. वाळूत पळताना पोटऱ्या भरून येतात आणि पडलं तर लागत नाही. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून ठेव, पाण्यात एकालाही सोडू नको, आणि जाताना-येताना डोकी मोज. वर्षातून एकदा शिवाजी पार्कला ने. १९२५ मध्ये ते माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. मुलींना अवंतिकाबाईंचं नाव जरूर सांग. समर्थ व्यायाम मंदिरात पोरं-पोरी मल्लखांबावर चढतात, ते त्यांना जवळून बघू दे, सोवळ्यासारखं लांबून नको.

मला या मैदानांचं इतकं का वाटतं, तेही सांगते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हापासून बाबांचा साचा पुन्हा चालला नाही. पुढे १९९१ च्या नियमात लिहिलं होतं की गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होतील, एक वाटा मोकळी जागा म्हणून शहराला, एक घरांसाठी, एक मालकाला. बाबा तेव्हा म्हणायचे, "चला, नोकरी गेली पण पोरांना मैदान मिळेल." २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, गिरणीच्या आवारात आधीच मोकळी असलेल्या तुकड्याचीच, असं ठरलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. लालबाग-परळला आज जे टॉवर उभे आहेत, त्यांच्याकडे बघताना मला बाबांनी मनात आखलेलं मैदान दिसतं. ते गेलं. म्हणून उरलंय ते वापरात ठेव. रिकाम्या मैदानावर पार्किंगचा डोळा असतो, पोरांनी भरलेल्या मैदानावर बोट ठेवायला माणूस कचरतो.

मुख्याध्यापकांशी बोलायचं असेल तर जूनमधला पहिला आठवडा धर. ११ जून हा आता संयुक्त राष्ट्रांनी खेळाचा दिवस ठरवला आहे, २०२४ पासून, आणि आपल्या शाळा त्याच सुमाराला उघडतात. तो दिवस साजरा करू म्हणालीस की नाही म्हणणार नाहीत. त्या निमित्ताने चौकातली मोडकी बाकं हलवून घे आणि नळाखालचं शेवाळ खरवडून घे.

रविवारी संध्याकाळी लालबागला ये. गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे सात शहाबादी तुकडे फडक्यात बांधून ठेवलेत, कडा मी स्वतः घासून गुळगुळीत केल्या आहेत, कुणाचं बोट कापणार नाही. सगळ्यात मोठ्याचा एक कोपरा उडालेला आहे, तो नेहमी तळाला ठेवायचा, उडालेली बाजू चेंडू मारणाऱ्याच्या विरुद्ध. शिट्टीही तिथेच आहे. तिच्यातली गोटी अडकते, जोरात एकदा झटकलीस की वाजते.

तुझी,
आत्या